शब्दावरून भांडणाऱ्या विषयात मुलीनं जावं का?

ठाण्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी इतिहास घेऊन टीवायबीएला आहे, पुढे एमएला मध्ययुगीन इतिहासच करायचा म्हणते. परदेशातल्या अभ्यासकांनी आपल्या संस्थेच्या नावातून 'अँग्लो-सॅक्सन' (मध्ययुगाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधले लोक) हा शब्द काढला, हे तिनं जेवताना सांगितलं आणि वडील धास्तावले. "ज्यांचं नावावरच एकमत नाही, त्यांच्यात पोरीनं आयुष्य का घालवायचं?"

नमस्कार. भांडण खरं आहे. 2019 साली ते नाव बदललं, कारण वंशश्रेष्ठत्व मिरवणाऱ्यांनी तो शब्द स्वतःचा करून टाकलाय. उलट बाजू म्हणते, नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या सनदांतच तो आहे, मग टाकायचा का?

पण आपल्या दाराशी या. भिवंडीजवळच्या भादाण्याचा ताम्रपट, उत्तर कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या अपराजिताचा, 997 सालचा. शिलाहारांचे आधीचे अधिपती राष्ट्रकूट, त्यांची सत्ता तोवर बुडाली होती, तरी हा ताम्रपट त्यांची वंशावळ सांगतो. शिलाहार स्वतःला 'महामंडलेश्वर' म्हणवत. याचा अर्थ काय लिहायचा? राजा? मांडलिक? की सरंजामदार? 'सरंजामदार' लिहिलंत की युरोपातली जमीन आणि चाकरीची अख्खी व्यवस्था कोकणात येऊन बसते. शिवाय 'सरंजाम' हा शब्द फारसीतून आलेला, शिलाहारांच्या कानावर तो पडलाही नसेल. इतिहासकार रामशरण शर्मांनी 1965 मध्ये भारतीय सरंजामशाहीची मांडणी केली. ती इथे मुळात होती का, असा प्रश्न पुढे दुसरे इतिहासकार हरबंस मुखियांनी विचारला. एका शब्दापायी शेतकरी, जमीन, राज्य सगळं पुन्हा तपासावं लागलं. अहो, हेच तर या विषयातलं काम!

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. प्राध्यापकीच्या पूर्णवेळ जागा फार कमी निघतात. नेट-सेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षं जातात. तिच्यापासून हे लपवू नका. म्हणून एमएसोबत मोडी आणि फारसी शिकू द्या. जमिनीच्या, जातीच्या जुन्या नोंदींसाठी मोडी वाचणारे लागतात, आणि फारसीशिवाय सुलतानांचा, मुघलांचा काळ दुसऱ्याच्या डोळ्यांनीच वाचावा लागतो. संग्रहालयं, दफ्तरखाने, प्रकाशनं याही वाटा आहेत, पगार सुरुवातीला बेताचे.

एक करून पाहा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. तिला तिथे पाठवा आणि 'महामंडलेश्वर' या एका शब्दावर दोन पानं लिहून आणायला सांगा. तासाभरात एक अर्थ उतरवून परतली, तर बीएड किंवा स्पर्धा परीक्षेचं बोलू. दोनाची सहा पानं झाली आणि जेवायला चार हाका माराव्या लागल्या, तर एमएचा फॉर्म भरा.