सलाईन लावून फ्लू बरा होत नाही

पावसाळ्यात फ्लूची साथ आली की तेच प्रश्न नव्याने येतात. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देतो.

कालपासून थोडा ताप आणि खोकला आहे. स्वाइन फ्लूची तपासणी करून घेऊ का?
लगेच नको. घरीच आराम करा, पाणी-पेज घेत राहा, दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. लॅबवाल्यांच्या ‘फीवर पॅकेज’वर पैसे घालवू नका.

कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगली तर लागण टळते ना?
नाही. २००९ च्या साथीत अर्धं पुणे अशा पुरचुंड्या हुंगत होतं, तरी साथ पसरलीच. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच. लहान मुलांपासून कापूर लांब ठेवा. पोटात गेला तर झटके येतात.

आईचं वय ६८, मधुमेह आहे. ताप येऊन तीन दिवस झाले. जवळच्या दवाखान्यात सलाईन आणि इंजेक्शन दिल्यावर एक दिवस बरं वाटलं. अजून दोन दिवस वाट बघू का?
अजिबात नाही. हे वाचून झाल्यावर लगेच त्यांना फिजिशियनकडे न्या. सलाईन म्हणजे मीठ-पाणी, फार तर साखर. जो पेशंट तोंडाने पाणी पितोय, त्याला त्याची गरज नसते. इंजेक्शन कशाचं होतं, ते चिठ्ठीवर लिहून मागा. स्टेरॉइड असेल तर ताप दबतो, घरचे निर्धास्त होतात आणि तेवढ्यात न्यूमोनिया वाढत राहतो. ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं. मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बाया आणि पासष्टीपुढची माणसं यांना उशीर झाला तरी ते देतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

एका साथीत एक आजोबा पाचव्या दिवशी रिक्षातून आले. मुलाच्या हातात सलाईनच्या तीन पावत्या होत्या. आजोबांना एक वाक्य बोलताना दोनदा थांबावं लागत होतं, नखं निळसर, ऑक्सिजन ७८. ते वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणलं असतं तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, गुंगी यातलं काहीही दिसलं की दवाखाना बदलत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

सातवा महिना चालू आहे. औषधाने बाळाला त्रास होईल का?
अंगावर काढलेला फ्लू औषधापेक्षा जास्त धोक्याचा. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

मुलाला अ‍ॅस्पिरिन चालेल?
नाही. पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या सिरपमध्येही ते असतं, दुप्पट डोस होतो.

ऑफिसला कधी जाऊ?
तापाची गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हा.

आता लस घेऊन उपयोग आहे?
आहे, पण संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात. अंगात ताप असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.