वाचकांचे प्रश्न : 'सर्वहारा' नावाचा सावकाराचा पोरगा

प्रश्न : मागच्या अंकात नेपाळी कवी भूपी शेरचनचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात आणि पुढे गेलात. शोधलं तर एकीकडे वाचलं की हा डावा, क्रांतिकारी वगैरे, दुसरीकडे वाचलं की घरचा गडगंज, आणि शेवटी राजाच्या अकादमीत सदस्य! मग नक्की काय म्हणायचं याला? की आपल्याकडे असतात तसेच, पुरस्कार मिळाला की गप्प होणारे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, लपवण्यासारखं काही नाही. पण त्या कुठल्या क्रमाने घडल्या ते बघा, मग गंमत कळते.

भूपेंद्रमान शेरचन 1935 साली जन्मला, मुस्तांगमधल्या टुकुचे गावात. कालीगंडकीच्या खोऱ्यातून तिबेटचं मीठ खाली यायचं आणि खालचं धान्य वर जायचं, या व्यापारावर तिथले थकाली लोक श्रीमंत झाले आणि शेरचन घराणं त्यातलं बडं प्रस्थ. आई लहानपणीच गेली. शिकायला बनारसला पाठवलं, आणि तेव्हाचं बनारस म्हणजे नेपाळी राजकारणाचा अड्डाच होता, नेपाळवर हुकमत गाजवणाऱ्या राणा घराण्याच्या राज्यात तोंड उघडता येत नाही म्हणून सगळे तिकडे. नेपाळची कम्युनिस्ट पार्टीसुद्धा 1949 ला कलकत्त्यात स्थापन झाली, देशात नाही. तर हा पोरगा तिथे डावा झाला आणि टोपणनाव काय घेतलं तर 'सर्वहारा'! म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही असा. वडिलांच्या मनीऑर्डरवर शिकणारा सर्वहारा, हसू येतं खरं, पण विशीच्या आतबाहेरचं वय होतं हो, चालायचंच.

या नावाने त्याने 'नयाँ झ्याउरे' काढलं. झ्याउरे हा तिकडचा लोकगीतांचा छंद, शेताबांधावर, मेळ्यात गायचा. पंडित मंडळी त्याला हलकं समजायची, पण नेपाळीतले महाकवी देवकोटांनी 1936 मध्ये 'मुनामदन' हे काव्य त्यातच लिहून सगळ्यांची तोंडं बंद केली होती. भूपीने तोच छंद घेऊन त्यात शेतकरी, मजूर, क्रांती भरली. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख शाहिरी घेऊन उतरले तसाच प्रकार, फक्त अण्णा भाऊंनी ते जगणं स्वतः भोगलेलं होतं आणि भूपीने नव्हतं. माझं स्पष्ट मत, ती गाणी आज वाचवत नाहीत. दुसऱ्याच्या वतीने ओरडताना आवाज चिरकतो तसं होतं. नंतरचं 'निर्झर' जरा बरं.

खरा भूपी दिसतो तो 'घुम्ने मेचमाथि अन्धो मान्छे' या संग्रहात, विक्रम संवत 2025 म्हणजे आपलं 1969. नाव म्हणजे फिरत्या खुर्चीवरचा आंधळा माणूस. आता ते वर्ष लक्षात घ्या. डिसेंबर 1960 मध्ये राजा महेंद्रने बी. पी. कोइरालांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त करून सगळ्यांना आत टाकलं, पक्षांवर बंदी आणली आणि पंचायत व्यवस्था आणली, जिच्यात निवडणुका, सदस्य, सभा सगळं होतं फक्त विरोध करायची सोय नव्हती. अशा दिवसांत घोषणांची कविता लिहिली की थेट तुरुंग. भूपीने घोषणा सोडल्या आणि टोमणे धरले. शीर्षकाच्या कवितेत प्रदर्शनातल्या फिरत्या खुर्चीवर जबरदस्तीने बसवलेला आंधळा आहे, खुर्ची फिरतेय, भोवतीचं बदलतंय, याला काही दिसत नाही, आणि तो आंधळा म्हणजे 'मी' आहे, जनता नाही की राजा नाही. हा 'मी' आला आणि कविता एकदम सुधारली.

'हामी' म्हणजे 'आम्ही' ही कविता तर मुळातून वाचा. आम्ही वीर आहोत पण बुद्धू आहोत, आणि बुद्धू आहोत म्हणूनच वीर आहोत, असं तो आपल्याच लोकांना तोंडावर सांगतो. संदर्भ गोरखा भरतीचा. 1947 मध्ये ब्रिटिशांच्या दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनने नेल्या, म्हणजे माणसं एका देशाची आणि वाटणी दोन परक्या सैन्यांत. शौर्याची गाणी सगळे गातात, भूपी विचारतो की कोणासाठी मेलात? आणि मग तो एकलव्य आणतो. मराठी दलित कवितेतला एकलव्य आपल्या ओळखीचा, तिथे सगळा राग द्रोणावर असतो आणि बरोबरच आहे तो. भूपीचा राग अंगठा देणाऱ्यावर पण आहे. जो द्रोण येईल त्याला आनंदाने कापून देतो आपण, असं. मला हे आधी झोंबलं, जरा अन्यायही वाटला, पण तो 'तुम्ही' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

आता अकादमी. या संग्रहाला साझा पुरस्कार मिळाला आणि सत्तरचं दशक सरता सरता तो राजाच्या अकादमीचा, म्हणजे रॉयल नेपाळ अकादमीचा सदस्य झाला. जुने कॉम्रेड चिडले तर त्यात नवल नाही. विकला गेला असं मी म्हणणार नाही, कारण जे लिहिलं होतं ते त्याने कधी परत घेतलं नाही. पण हेही खरं की त्या संग्रहानंतर वीस वर्षं मिळाली आणि त्या तोडीचं पुस्तक हयातीत आलं नाही. खुर्चीचा दोष म्हणा, दारूचा म्हणा. 1989 च्या मे महिन्यात गेला, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, आणि पुढच्याच वर्षी जनआंदोलनापुढे पंचायत कोसळली. ते बघायला हवा होता.

प्रश्न : नेपाळी प्रगतिशील साहित्यात अजून कोण वाचावं? समीक्षक कोणी? (कोल्हापूर)

उत्तर : थोडक्यात सांगते. गोपालप्रसाद रिमाल, गद्यकवितेचा पाया त्यांनी घातला, 'मसान' नाटक त्यांचंच. पारिजात, दार्जिलिंगच्या चहामळ्यात जन्मलेली, 1965 मध्ये 'शिरीषको फूल' कादंबरीला मदन पुरस्कार, हा नेपाळी साहित्यातला मानाचा पुरस्कार, तो मिळवणारी पहिली बाई, आजाराने शरीर साथ देत नसताना प्रगतिशील लेखकांच्या चळवळीत शेवटपर्यंत. समीक्षेत श्यामप्रसाद शर्मा, प्रगतिशील लेखक संघाच्या उभारणीतलं नाव.

प्रश्न : नेपाळी येत नाही, मग भूपी वाचायचा कसा?

उत्तर : अहो, लिपी देवनागरीच आहे, घाबरता काय! 'मेरो चोक' पासून सुरुवात करा, छोटीशी आहे. अरुंद गल्लीतला चौक, तिथे काय नाही, सगळं आहे, रोग आहे, भोक म्हणजे भूक आहे, शोक आहे, फक्त हर्ष नाही कारण हर्षावर बंदी आहे. यमकं चोक, भोक, शोक, रोक अशी, मोठ्याने वाचलंत तर निम्मं आपोआप कळतं. मग 'यो हल्लै हल्लाको देश हो' घ्या, म्हणजे हा नुसत्या अफवांचा देश, जिथे कानाला यंत्र लावणारे बहिरे गाण्याच्या स्पर्धेचे जज असतात आणि लाकडी पाय शर्यत जिंकतात. त्याला शब्दकोश लागेल, पण फार नाही.