कृषी महाविद्यालयात सेंद्रिय शेतीचं प्रॅक्टिकल नव्याने घेणाऱ्या सरांना

सर, पहिल्याच तासाला फळ्यावर व्याख्या लिहीत बसू नका. पोरांना थेट प्रक्षेत्रावर न्या. बांधावरच्या गवताखालचं एक ढेकूळ घ्या आणि वर्षानुवर्षं रोटाव्हेटर फिरवलेल्या वावरातलं एक. दोन्ही वाळवून पाण्याच्या ग्लासात जाळीवर सोडा. वावरातलं बघता बघता फुटतं, पाणी गढूळ होतं. बांधावरचं बराच वेळ तग धरतं. मातीचे कण धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय कर्बाचा विषय मग पोरंच काढतात.

पाऊस पडला की हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा. 45 ते 50 दिवसांत फुलावर येतो, तेव्हाच गाडायचा. परीक्षेमुळे लांबवलात तर खोड चिवट होतं आणि कुजता कुजत नाही.

शेण, गोमूत्र, गूळ कालवून जीवामृत सगळेच करतात, तुम्हीही करा. पण 200 लिटरच्या पिंपाशेजारी फोटो काढून पोरं पांगतात! ढवळायच्या पाळ्या लावा, रविवारीसुद्धा. शिवाय एक पट्टा जीवामृताविना ठेवा, नाहीतर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?

खर्चाची वही त्यांच्याकडेच द्या. खुरपणीची मजुरी स्वतःच्या हाताने लिहिली, की ग्रामीण कार्यानुभवाला, म्हणजे गावात शेतकऱ्यांसोबत शिकायच्या सत्राला, गेल्यावर शेतकऱ्याला ‘तणनाशक कशाला मारता?’ असं तोंड वर करून विचारणार नाहीत.

गुण पिकाच्या उंचीला देऊ नका, नोंदींना द्या. किडीने वाफा खाल्लेली पोरं कधी कधी सगळ्यात बारकाईने लिहितात. आणि हो, खुरपी मोजून द्या, मोजूनच परत घ्या.