मुंबई विद्यापीठातून कोणती मोठी माणसं घडली, आणि त्या यादीवरून विद्यापीठ कळतं का?

तुम्ही विचारलंय की मुंबई विद्यापीठाचे नावाजलेले कुलगुरू, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी कोण. खाली असंही लिहिलंय की भाची एम.ए.ला तिथे जायचं म्हणतेय आणि घरचे म्हणतायत सरकारी विद्यापीठात आता काय ठेवलंय. मी स्वतः कालिन्याला, म्हणजे विद्यापीठाचे विभाग जिथे आहेत त्या मुंबईतल्या आवारात, समाजशास्त्रात एम.ए. केलंय, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण ती माहीत नसेल तर सगळ्या याद्या फसव्या वाटतात. हे विद्यापीठ 18 जुलै 1857 ला सुरू झालं, कलकत्ता आणि मद्रासही त्याच वर्षातले, आणि तिन्ही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेली. म्हणजे विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार, शिकवायचं कॉलेजांनी. आणि हद्द तरी केवढी, सिंधपासून कर्नाटकापर्यंत. त्यामुळे टिळक, आगरकर, गोखले, महर्षी कर्वे हे सगळे 'मुंबई विद्यापीठाचे पदवीधर' आहेतच, पण टिळक शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, आणि गोखले-कर्वे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, दोघंही 1884 चे बी.ए. गांधीजींचं नावही काही जण या यादीत घालतात, पण गांधीजी 1887 साली या विद्यापीठाची मॅट्रिक पास झाले, एवढंच. पुढे भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढलं आणि बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. तेव्हा कोणी लांबलचक यादी दाखवली की आधी बघावं की माणूस कुठे बसून शिकला आणि त्याला शिकवलं कोणी. मला विचाराल तर विद्यापीठाची खरी ओळख या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आता सुरुवात पहिल्या बॅचपासूनच करते. 1862 चे पहिले बी.ए. चौघं होते, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एल्फिन्स्टनचे प्रिन्सिपॉल अलेक्झांडर ग्रँट, रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजांच्या राज्याची तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूला झुकवलं, तर ग्रँटसाहेबांनी त्यांची स्कॉलरशिप सहा महिने बंद केली. पण याच ग्रँटसाहेबांनी रानड्यांची इतिहासाची उत्तरपत्रिका परदेशी विद्वानांना कौतुकानं दाखवली असंही सांगतात. ग्रँट पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नंतर एडिंबरोला गेले. मला हा किस्सा आवडतो कारण त्यात सरकारी माणूस आणि शिक्षक एकाच अंगात दिसतात, आणि शेवटी त्यातला शिक्षक लक्षात राहतो. रानडे मात्र पदवी घेऊन मोकळे झाले नाहीत. मराठी विषय विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून बाहेर गेला होता, तो परत यावा म्हणून ते वर्षानुवर्षं तिथे बसून भांडले. आज कालिन्याला मराठीचा विभाग दिमाखात उभा आहे, त्याच्या मुळाशी ही भांडणं आहेत हे फार कमी लोकांना माहीत असतं.

कुलगुरूंचं म्हणाल तर पहिली पस्तीसेक वर्षं सगळे ब्रिटिश. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग, 1892 साली. हायकोर्टाचे जज्ज, संस्कृतचे पंडित, आणि दुसऱ्याच वर्षी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर खुर्चीवर आले भांडारकर, म्हणजे पहिल्या चौघांतला एक जण तिसेक वर्षांनी त्याच विद्यापीठाचा कुलगुरू. मधल्या काळात त्यांनी शाळामास्तरकी केली, संस्कृतची पाठ्यपुस्तकं लिहिली ज्यावर कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. पुढे चिमणलाल सेटलवाड 1917 ते 1929 अशी तब्बल बारा वर्षं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कुलगुरू होते पांडुरंग वामन काणे, ज्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 पासून 1962 पर्यंत छापून येत होता, साडेसहा हजारांच्या वर पानं, आणि हे सगळं वकिली करत करत. 1963 ला भारतरत्न. पंतप्रधान-राष्ट्रपतींना मिळालेली भारतरत्नं आपल्याला पाठ असतात, पण ग्रंथ लिहून मिळालेलं हे भारतरत्न फारसं कोणाला आठवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. सरन्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यावर गजेंद्रगडकरही कुलगुरू झाले होते.

पण माझ्या आवडीच्या कुलगुरू विचाराल तर डॉ. स्नेहलता देशमुख, 1995 ते 2000. लहान मुलांच्या सर्जन, आधी सायन हॉस्पिटलच्या डीन. प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या आईचं नाव यायला हवं हा निर्णय त्यांचा. वाचताना छोटी गोष्ट वाटते. माझी मार्कशीट घरी आली तेव्हा आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं आणि सगळ्यात शेवटी आईचं असं छापलेलं होतं. माझी आई चौथी शिकलेली. ती चष्मा लावून बसली, बोट ठेवून एकेक अक्षर वाचत शेवटपर्यंत आली आणि स्वतःच्या नावावर बोट तसंच ठेवून राहिली, मग म्हणाली हे माझं कशाला घातलंय. मी म्हटलं अगं आता घालतात. ती मार्कशीट तिनं कपाटात साडीच्या घडीत ठेवली होती, मला झेरॉक्सला पाहिजे असेल तेव्हा तिच्याकडे मागावी लागायची. कुलगुरूचं काम काय असतं असं कोणी विचारलं की मला मोठमोठ्या इमारती आठवत नाहीत, हेच आठवतं. देशमुख बाई 2024 मध्ये गेल्या, त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं.

बायकांचा विषय निघालाच आहे तर, 1883 पर्यंत विद्यापीठाच्या परीक्षा मुलींना खुल्याच नव्हत्या. त्यानंतर काही वर्षांतच कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली, परीक्षेत वरच्या नंबरानं, पण इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मुलांसाठीच होती म्हणून नाकारली गेली. लोकांनी वर्गणी काढून तिला पाठवलं आणि ती ऑक्सफर्डला कायदा शिकली. 1933 च्या बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, त्यांना बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी घालून का होईना प्रवेश मिळवला, पुढे केंब्रिजची पीएच.डी. आणि शेवटी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक. नीरा या पेयावरचं त्यांचं संशोधन कुपोषित मुलांसाठी होतं.

बाबासाहेब आंबेडकर तर सगळ्यांना माहीत आहेत, एल्फिन्स्टनमधून 1912 चे बी.ए., नंतर मुंबईच्याच सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, 1935 पासून गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य. पण बाबासाहेबांनी या विद्यापीठाच्या रचनेवरच बोट ठेवलं होतं ते फारसं कोणी सांगत नाही. 1924 साली विद्यापीठ सुधारणा समितीला त्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं होतं की विद्यापीठ म्हणजे नुसतं परीक्षा घेणारं ऑफिस नव्हे, शिकवणं आणि संशोधन एकमेकांपासून तोडता येत नाही, बी.ए.ची पोरं एकीकडे आणि एम.ए. दुसरीकडे असं केलं तर दोन्हीचं नुकसान. आज शंभर वर्षांनी तेच वाचलं तरी जुनं वाटत नाही.

आणि आता माझा खरा जिव्हाळ्याचा भाग, प्राध्यापक. परीक्षा घेणारं विद्यापीठ शिकवणारं कसं झालं ते बघायचं तर समाजशास्त्राचा विभाग बघा. 1919 साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाला बोलावून हा विभाग काढला, मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेत नाव काढलेला. भारतात पदव्युत्तर समाजशास्त्र इथूनच सुरू झालं. गेडिसच्या व्याख्यानांना मालवणकडचा एक संस्कृतचा एम.ए. झालेला तरुण यायचा, गोविंद सदाशिव घुर्ये. त्याची निवड करून त्याला इंग्लंडला पाठवलं, केंब्रिजहून पीएच.डी. करून तो आला आणि 1924 पासून 1959 पर्यंत त्यानं विभाग चालवला. पस्तीस वर्षं. त्या पस्तीस वर्षांत घुर्ये सरांच्या हाताखालून कोण गेलं ते ऐका. इरावती कर्वे, ज्यांनी चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध लिहिला. एम. एन. श्रीनिवास, ज्यांचा 'संस्कृतीकरण' (म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलणं) हा शब्द आज पेपरातसुद्धा सर्रास येतो, आणि ज्यांनी पुढे बडोद्याला आणि दिल्लीला समाजशास्त्राचे विभाग उभे केले. ए. आर. देसाई, पक्के मार्क्सवादी, ज्यांनी राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी हा विषय घेऊन घुर्ये सरांकडेच पीएच.डी. केली आणि नंतर याच विभागाचे प्रमुख झाले.

यात बघण्यासारखं काय आहे तर घुर्ये स्वतः ग्रंथांतून समाज वाचणारे, संस्कृत पोथ्या हा त्यांचा पाया. श्रीनिवास म्हणाले गावात जाऊन राहिल्याशिवाय जात कळत नाही. देसाई म्हणाले वर्ग बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. म्हणजे शिष्य गुरूच्या बरोबर उलट दिशांना गेले, आणि तरी तिघांचा पत्ता एकच. आमच्या पहिल्या वर्षाला सरांनी तिघांचे उतारे शेजारी शेजारी फळ्यावर लिहून आम्हाला विचारलं होतं की यातला घुर्येंचा विद्यार्थी कोण, आम्ही भांडलो तासभर, आणि शेवटी सर म्हणाले दोघंही. तेव्हापासून मी विभाग कुठला चांगला हे असंच मोजते, की तिथे शिकून माणसं वेगवेगळं बोलायला लागतात का.

दुसरं उदाहरण माटुंग्याचं यूडीसीटी, विद्यापीठाचाच रसायन तंत्रज्ञानाचा विभाग, 1933 मध्ये सुरू झालेला. 2008 ला तो वेगळा होऊन आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) झाला, पण त्याआधीची पंच्याहत्तर वर्षं विद्यापीठाचीच. तिथे 1964 ला मनमोहन शर्मा नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण केंब्रिजहून येऊन थेट प्रोफेसर झाला. बाहेर जायची दारं उघडी असताना आयुष्य माटुंग्यात काढलं, 1990 ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय इंजिनिअर. त्यांच्याच हाताखाली रघुनाथ माशेलकरांनी 1969 ला पीएच.डी. केली. माशेलकरांचं लहानपण, अनवाणी शाळा, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, युनियन हायस्कूलच्या भावे सरांनी भिंगानं कागद जाळून दाखवला ते, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) संचालक आणि देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरचे महासंचालक. यूडीसीटीतूनच मुकेश अंबानी निघाले, डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे अंजी रेड्डी निघाले, घारडा केमिकल्सचे केकी घारडा निघाले. देशातल्या औषध आणि केमिकल कंपन्यांचं मूळ शोधायला गेलं तर वाट बरेचदा माटुंग्याला येते.

बाकी राजकारणी, नट, क्रिकेटपटू यांची नावं मी मुद्दाम घेत नाही, ती कुठेही मिळतील आणि त्यांच्या मोठेपणात विद्यापीठाचा वाटा किती हे सांगणं अवघड आहे.

राहिला तुमच्या घरच्यांचा प्रश्न, सरकारी विद्यापीठात काय ठेवलंय. अडचणी आहेतच, जागा रिकाम्या राहतात, कॉलेजं शेकडो आणि सगळ्यांच्या परीक्षांचा भार एकाच ठिकाणी, ते बाबासाहेबांनी सांगितलेलं दुखणं अजून संपलेलं नाही. पण भाचीला एम.ए. करायचंय म्हणजे ती कॉलेजात नाही, थेट विभागात शिकणार, आणि हा फरक फार मोठा आहे. फॉर्म भरायच्या आधी तिला एक दिवस कालिन्याला घेऊन जा, सुट्टीचा वार नको. विभागात गेलात की ग्रंथालयात जुने पीएच.डी.चे प्रबंध ठेवलेले असतात, ते बघायला मागा. पहिल्याच पानावर विद्यार्थ्याचं नाव आणि मार्गदर्शकाचं नाव असतं. गेल्या दहा वर्षांतले काढा, विषय काय काय आहेत ते बघा, एकाच मार्गदर्शकाकडे किती तऱ्हेचे विषय झालेत ते बघा, आणि त्यातलं एखादं नाव आवडलं तर दार वाजवून त्या सरांना किंवा बाईंना भेटा, भाचीलाच बोलू द्या. फोर्टला राजाबाई टॉवरच्या वाचनालयातही जमलं तर जाऊन या, प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि टॉवरला आईचं नाव लावा म्हणाले, ते हे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रंगीत काचांतून ऊन वहीवर पडलं होतं आणि मी अर्धा तास नुसती बसून राहिले होते.