व्हिज्युअल स्टुडिओ: टिक काढली तर डीबगर एक्सेप्शनवर थांबत नाही, टिक केली तर भलतीकडेच थांबतो. काय सेट करू?

‘एक्सेप्शन सेटिंग्ज’ विंडोत (कंट्रोल+ऑल्ट+ई) ज्या एक्सेप्शनवर, म्हणजे प्रोग्रॅम चालताना येणाऱ्या चुकीवर, टिक असते, ती येताच डीबगर प्रोग्रॅम थांबवतो. पण ‘सगळ्यांवर टिक कर’ हा तुम्हाला मिळालेला सल्ला मला तरी मान्य नाही. असा सल्ला देणाऱ्यांनी डॉटनेट फ्रेमवर्कवर एक्सएमएल-सीरियलायझर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचं ऑब्जेक्ट करणारा क्लास) वापरून बघावा, समजा कॉन्फिग फाइल वाचायला. कॉन्फिग फाइल जागेवर असते, पाथ बरोबर असतो, तरी सीरियलायझर तयार करणाऱ्या कन्स्ट्रक्टरच्या ओळीवर ‘फाइल-नॉट-फाउंड’ एक्सेप्शन! मग माणूस पाथ तपासत बसतो. मेसेज नीट वाचला तर हरवलेली फाइल वेगळीच निघते: तुमच्या असेंब्लीच्या (कंपाइल झालेल्या डीएलएल किंवा ईएक्सई फाइलच्या) नावापुढे ‘.एक्सएमएलसीरियलायझर्स’ लागलेली. कन्स्ट्रक्टर आधी ती तयार असेंब्ली शोधतो, मिळाली नाही की एक्सेप्शन येतं, ते तोच गिळतो आणि लागणारा कोड जागेवर तयार करतो. एफ५ दाबा, प्रोग्रॅम बिनबोभाट पुढे जातो. बिघडलेलं काहीच नसतं.

अशा वेळी टूल्स, ऑप्शन्स, डीबगिंग, जनरलमध्ये ‘जस्ट माय कोड’ (डीबगरने फक्त तुमच्याच कोडकडे बघायचं, ही सोय) चालू ठेवा. एक्सेप्शन तुमच्या कोडपर्यंत येतच नाही, म्हणून डीबगरही थांबत नाही. लायब्ररीत शिरायचं म्हणून ते बंदच ठेवावं लागत असेल, तर कंट्रोल+ऑल्ट+ई दाबून त्या एक्सेप्शनवर राइट क्लिक, ‘एडिट कंडिशन्स’, आणि मॉड्यूल ‘एमएसकोरलिब.डीएलएल’ (डॉटनेट फ्रेमवर्कची मूळ लायब्ररी) नसेल तरच थांब, अशी अट घाला. २०१७ पासून ही सोय आहे.

टिक नेमक्या प्रकारावरच करा. आयओ-एक्सेप्शनवर टिक केली म्हणून त्याच्या पोटातलं फाइल-नॉट-फाउंड पकडलं जात नाही, इथे वारसा चालत नाही. स्वतःचा एक्सेप्शन क्लास त्याच विंडोतल्या ‘+’ने नेमस्पेससकट घाला, स्पेलिंग तंतोतंत. सेटिंग्ज ‘.व्हीएस’ फोल्डरातल्या ‘.एसयूओ’ फाइलमध्ये राहतात. ते फोल्डर उडवलं की पुन्हा श्रीगणेशा.

आणि टिक नसताना अजिबातच थांबत नसेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी रिकामा कॅच (एक्सेप्शन पकडून काहीच न करणारा ब्लॉक) लिहिलेला असतो. ‘क्रॅश तर होत नाही ना’ म्हणणाऱ्यांचा तो लाडका. दुसरा लाडका ‘थ्रो ईएक्स’: त्याने मूळ स्टॅक ट्रेस (एक्सेप्शन कुठून आलं त्याचा माग) पुसला जातो, नुसतं ‘थ्रो’ लिहा.

हे सगळं डॉटनेटपुरतं. सी++ च्या एक्सेप्शन्सचा गट त्याच विंडोत वेगळा आहे. डीबगर थांबल्यावर वॉच विंडोत ‘$एक्सेप्शन’ टाका, कॅचमध्ये व्हेरिएबल नसलं तरी आलेलं एक्सेप्शन दिसतं.