"मॅडम, डबा तं खाली करून दाखवा"

प्रिय बेटा,

परवा संविधान चौकातलं आंदोलन आटोपून तू तशीच माझ्याकडे आलीस. ओट्यावर बसलीस, पाणीही घेतलं नाहीस आणि म्हणालीस, "काकू, निवडणूक आयोग आता सरकारचाच झाला. मत कशाला द्यायचं?" मी चहा टाकायला आत गेले, कारण त्या क्षणी काहीतरी बोलून तुझी समजूत काढावी असं मला वाटलं नाही. तू वकिलीचं शिकतेस. उद्या हाच प्रश्न घेऊन कोर्टात उभी राहशील. म्हणून सावकाश लिहिते आहे.

अनुच्छेद ३२४ तुला पाठ असेल. मतदार याद्या करणं आणि संसद, विधिमंडळं, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांचं अधीक्षण, निदेशन, नियंत्रण, हे सगळं आयोगाकडे. एक गोष्ट मात्र वर्गात कोणी सांगितली नसेल. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला, पण हे कलम आधीच, २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आलं होतं. आयोगही प्रजासत्ताकापेक्षा एक दिवसाने मोठा, २५ जानेवारीचा. घर बांधण्याआधी विहीर खणावी, तसं आपल्या लोकांनी केलं.

पण विहिरीला कठडा घालायचा राहून गेला, आणि ते त्यांना माहीत होतं. जून १९४९ मधली घटना समितीतली चर्चा काढून वाच. समितीतले एक सदस्य शिब्बनलाल सक्सेना यांचं म्हणणं होतं की आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी मान्यता द्यावी. बाबासाहेबांनी त्या शंकेत तथ्य आहे हे मोकळेपणाने कबूल केलं. आयुक्ताला काढणं अवघड करून ठेवलं, पण मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस मुळात त्या खुर्चीवर येऊच नये अशी तरतूद नसेल तर त्या संरक्षणाचा उपयोग काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तोडगा म्हणून नेमणुकीबाबत संसद कायदा करू शकेल एवढं कलमात घातलं गेलं. तो कायदा यायला २०२३ उजाडलं. चौऱ्याहत्तर वर्षं! मधल्या काळात सरकारं आली, गेली, सगळ्या रंगांची. प्रत्येकाने आपल्या सोयीने नेमणुका केल्या. तुझा राग आजच्या सरकारवर आहे. माझा त्या चौऱ्याहत्तर वर्षांवरही आहे.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने नावं सुचवावीत. डिसेंबरात कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांपैकी दोघे सरकारचे. विरोधी पक्षनेत्याने हवी तेवढी असहमती नोंदवावी, निकाल ठरलेला. यातून चांगला माणूस येऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण तो चांगला निघाला तरी समोरच्याला तो आपला वाटणार नाही, आणि पंचाच्या बाबतीत एवढंही पुरेसं घातक आहे. तुला एकच मागणी धरायची असेल तर ही धर: नेमणूक अशी हवी की विरोधी बाजूच्या संमतीशिवाय ती होणार नाही. दुसरी जोडायची असेल तर काढण्याची. मुख्य आयुक्तांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीसारखंच काढावं लागतं. आयोगातल्या उरलेल्या दोन आयुक्तांना मुख्य आयुक्तांच्या शिफारशीवर काढता येतं. तिघांची मतं सारख्याच वजनाची आहेत, तर संरक्षणही सारखंच हवं.

१९९० मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त झालेल्या टी. एन. शेषन यांचं नाव तू घेतलंस. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, त्यांचा दरारा शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा जाणवायचा. पण जरा विचार कर, १९९० च्या आधी आणि नंतर कलम तेच होतं. एका माणसाच्या कण्यावर इतका फरक पडत असेल तर मला त्यात समाधानापेक्षा काळजीच जास्त वाटते.

आता माझ्या अनुभवाचं. आयोगाकडे स्वतःची माणसं फार थोडी. निवडणूक आली की आम्ही शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी, सगळे त्या काळापुरते आयोगाचे होतो. ११ एप्रिल २०१९, लोकसभेचं मतदान, मी पूर्व नागपुरात एका शाळेत केंद्राध्यक्ष होते. सकाळी सहालाच वर्गात उकडत होतं. मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान, सुरू केला. किमान पन्नास मतं उमेदवारांच्या एजंटांसमोर टाकायची, निकाल काढून दाखवायचा, मग मशीन क्लिअर करायचं. सगळं केलं, कंट्रोल युनिटवर शून्य दाखवलं आणि सीलच्या पट्टीला हात घातला. बाहेर रांग लागली होती, घड्याळ सातकडे चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक म्हातारे एजंट उठले. धोतर, डोक्यावर टोपी, कोणाकडून आले होते ते आता आठवतही नाही. म्हणाले, "मॅडम, डबा तं खाली करून दाखवा."

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापणाऱ्या यंत्राच्या, डब्यात मॉक पोलच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. मी विसरले होते. त्या काढून, प्रत्येकीच्या मागे शिक्का मारून काळ्या जाड कागदाच्या पाकिटात सीलबंद करायच्या असतात. त्या तशाच राहिल्या असत्या आणि मोजणीत नेमकं आमचं केंद्र पडताळणीला निघालं असतं, तर चिठ्ठ्या आणि मशीन यांचा आकडा जुळला नसता. टीव्हीवर दिवसभर घोटाळा घोटाळा झालं असतं. माझे हात थरथरत होते, मी त्यांच्यासमोरच डबा उलटा करून दाखवला. ते काही बोलले नाहीत, परत बाकावर जाऊन बसले.

बेटा, त्या माणसाचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. त्यांनी फक्त बघायला मागितलं. आयोगाकडे आपण मागायचं ते एवढंच आहे, आणि आयोगाने ते न मागता द्यायला हवं. संध्याकाळी मतदान संपल्यावर सतरा-सीचा कागद भरतात. नोंदवहीत किती मतदार आले, मशीनमध्ये किती मतं पडली. हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला त्याची सहीची प्रत द्यायची. मग तो आकडा प्रत्येक केंद्राचा संकेतस्थळावर टाकायला काय हरकत? २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा आयोगाने सांगितलं की कायद्याने तो कागद एजंटांनाच द्यायचा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात नियम बदलून मतदान केंद्रावरच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांना बघायला मिळण्यावर मर्यादा आली. मला हे पटत नाही, आणि हे सांगताना मी आयोगाचीच एक जुनी कर्मचारी म्हणून सांगते. ज्याचं काम चोख आहे त्याने डबा उलटा करून दाखवावा.

तुझ्या बोलण्यात एक चूक होती, ती दुरुस्त करून घे. महापालिकेची निवडणूक लांबली त्याचा दोष तू याच आयोगाला दिलास. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. संविधानाच्या इंग्रजी प्रतीतलं अनुच्छेद २४३ के आणि २४३ झेडए वाच. आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. इतर मागासवर्गीय आरक्षण, प्रभागरचना, कोर्टातल्या तारखा, कारणं होती. पण पाच वर्षांच्या आत निवडणूक घेतलीच पाहिजे असं संविधान सांगतं, आणि आपल्या गल्लीत गटार तुंबलं तेव्हा जाब विचारायला नगरसेवक नव्हता. दिल्लीतल्या आयोगावर सगळे बोलतात, या धाकट्या भावाकडे कोणी बघत नाही. तू बघ.

पैशाचं थोडक्यात सांगते. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे खर्चाला ९५ लाखांची मर्यादा, विधानसभेला ४० लाखांची, पक्षाला मात्र कसलीच नाही. दारात नाकाबंदी आणि मागची भिंत पडलेली. देणाऱ्याचं नाव लोकांना न कळता पक्षांना देणगी देण्याचे निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने रद्द केले, ते बरं झालं, पण भिंत अजून पडलेलीच आहे.

मतदार यादीबद्दल मात्र अजून लिहायचंय. पहिल्या निवडणुकीच्या वेळी लाखो बायांनी आपलं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच नोंदवलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने स्वतःच्या नावाशिवाय नोंद घ्यायला नकार दिला, आणि सुमारे २८ लाख नावं गळाली. कठोर होतं. त्या निवडणुकीत त्या बायांचं मत गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण माझ्या आजीचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते मतदार यादीतच. तेव्हा "मत कशाला द्यायचं" हे माझ्या ओट्यावर बसून म्हणू नकोस.

येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये. आपल्या केंद्राची यादी मी काढून ठेवते. बोळातल्या पहिल्या घरापासून सुरुवात करू. कोपऱ्यावरचे आजोबा दिवाळीआधी गेले, त्यांच्यासाठी सात नंबरचा फॉर्म लागेल. वरच्या मजल्यावर नव्याने आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे, तिच्यासाठी आठ नंबरचा. तुझ्या भावाला ऑक्टोबरात अठरा पूर्ण झाली, त्याला सहा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा आहे आणि तो टाळतोय. त्यालाही घेऊन ये, पोहे करून ठेवते.

तुझी,
काकू