बँकॉकबाहेरच्या बाजारांची टूर घेताना

पहिल्यांदाच जाताय ना, मग बुकिंगआधी विचारून घ्या: मेकलाँगला रेल्वेची कोणती फेरी गाठणार? रुळांवरच्या त्या बाजारातून दिवसाला मोजक्याच गाड्या जातात. वेळ हुकली तर नुसती मंडई बघून परताल. गाडी आली की विक्रेते झटपट ताडपत्र्या मागे ओढतात, पण रुळालगतच्या भाजीच्या टोपल्या जागच्या हलत नाहीत, डबे त्यांच्यावरून सरकत जातात. पाय आत घ्या, सेल्फी नंतर.

दामनोन सादुआक हा कालव्यातला तरंगता बाजार बँकॉकपासून सुमारे १०० किलोमीटर, म्हणून पहाटे निघणारी टूरच बरी. होडीचं भाडं पॅकेजमध्ये आहे का, हे आधीच लेखी घ्या. तिथे पर्यटकांचीच झुंबड, त्यामुळे घासाघीस हवीच. मला विचाराल तर अम्फावाचा तरंगता बाजार उजवा, पण तो शुक्रवार ते रविवार, दुपारनंतर भरतो. सुट्टे बाट जवळ ठेवा.